एकाच प्लॉटमध्ये मुरूम आणि काळी: पट्ट्यापट्ट्याने द्राक्षाचे पाणी कसे ठरवावे

दुपारी दोनला बागेत फिरले की फरक दिसतो. वरच्या अंगाच्या वेलींचे शेंडे थांबलेले, पाने हाताला गरम लागतात. त्याच ओळींच्या खालच्या टोकाला शेंडा जोरात चालू, बगलफुटी निघताहेत आणि बोद (वेलींचा उंच वाफा) अजून ओला. व्हॉल्व एकच, ड्रिपर सारखेच, पाणी सोडल्याची वेळही तीच. नाशिक, सांगली, सोलापूर किंवा जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात एकर-दीड एकराच्या प्लॉटमध्ये अशा दोन-तीन जमिनी भेटणे नेहमीचेच आहे.

यावर सगळीकडे एकच उपाय होतो: मुरमाच्या भागाला जास्त पाणी द्यायचे म्हणून अख्ख्या प्लॉटचा वेळ वाढवायचा. त्याने दोन्हीकडे नुकसान होते. मुरमातले जादा पाणी मुळांच्या खाली निघून जाते, जाताना नत्र घेऊन जाते, आणि काळीतला वापसा (ओल असूनही मुळांना हवा मिळेल अशी स्थिती) मोडतो. सारखा पसारा असलेली वेल मुरमात असो की काळीत, एका दिवसात जवळपास तेवढेच पाणी पिते. जमिनीप्रमाणे बदलते ती साठवण. म्हणून मुरमाच्या पट्ट्याला पाण्याची पाळी (किती वेळाने पाणी द्यायचे) बदलून लागते, एकूण पाणी वाढवून नाही. पुढची सगळी मोजणी ही पाळी ठरवण्यासाठी आहे.

आधी ठिबक तपासा, मग जमिनीला दोष द्या

उताराच्या प्लॉटमध्ये एक गल्लत हमखास होते. माथ्याकडे माती उथळ असते आणि तिथेच ठिबकचा दाबही कमी पडतो. एक मीटर चढाला चौरस सेंटीमीटरमागे साधारण ०.१ किलो दाब जातो. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे दाब १ किलोवरून ०.८ किलोवर आला की पाणी दहा टक्क्यांच्या आसपास घटते. मग वेल ताणात आहे ती मुरमामुळे की दाबामुळे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

प्लॉटच्या चारही बाजू आणि मध्य धरून १६ ड्रिपर निवडा. प्रत्येकाखाली डबा ठेवून बरोबर ६ मिनिटे पाणी धरा आणि मोजपात्रात मिलिलिटर मोजा. आलेल्या आकड्याला दहाने गुणले की ताशी प्रवाह मिळतो. ताशी २ लिटरच्या ड्रिपरखाली २०० मिलिलिटर जमायला हवे. सर्वात कमी पाणी देणाऱ्या चार ड्रिपरची सरासरी आणि सगळ्या सोळांची सरासरी यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर आधी फिल्टर धुवा, लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळीची) टोके उघडून फ्लश करा, गरज असेल तर आम्लप्रक्रिया करा आणि माथ्याकडे दाब पुरेसा येतो का ते गेजवर पाहा. चढ जास्त असेल तर दाब नियंत्रित करणारे ड्रिपरच घ्यावेत. एवढे झाल्यावरही फरक राहिला, तर तो जमिनीचा.

पट्टे कुठे बदलतात ते शोधणे

प्लॉटमधला सर्वात मोठा फरक बहुतेक वेळा निसर्गाने केलेला नसतो, सपाटीकरणाने केलेला असतो. जेसीबीने माथ्याची माती ओढून खोलगट बाजूला टाकली की वर मुरूम उघडा पडतो आणि खाली दोन-तीन फूट भराव बसतो. दोन्हींच्या मधली रेषा ओळींना तिरकी जाते आणि पुढे कित्येक वर्षे वेलींच्या वाढीत दिसत राहते. त्यामुळे पहिला प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: पूर्वी बांध कुठे होता, ओहोळ कुठून जायचा, विहिरीचा मलबा कुठे पसरला, कोणत्या कोपऱ्यात पावसाचे पाणी साचायचे. याची उत्तरे कागदावर प्लॉटचा चौकोन काढून त्यात उतरवा.

त्याच कागदावर वेलींची खूण करा. खोडाचा घेर जमिनीपासून एक-दीड फुटावर टेपने मोजता येतो. दर पाचव्या ओळीतली दर दहावी वेल घेतली तरी चित्र उभे राहते. खोडाने अनेक वर्षांचे पाणी पाहिलेले असते, म्हणून एका हंगामातल्या वाढीपेक्षा ही खूण जास्त भरवशाची. खरड छाटणीत (एप्रिलच्या सुमाराच्या) निघालेल्या काड्यांचे वेलीमागे वजन घेतले तर आणखी चांगले. उपग्रहाची मदतही फुकट मिळते. सेंटिनेल-२ उपग्रहाचे चित्र दर पाच दिवसांनी येते आणि त्याचा एक ठिपका १० मीटर × १० मीटरचा असतो, म्हणजे एकरात सुमारे चाळीस ठिपके. बाग पूर्ण पसरलेली असताना पट्टे त्यात स्पष्ट उमटतात. बागेवर प्लॅस्टिक आच्छादन असेल तर मात्र हे चित्र निरुपयोगी. अशा वेळी आच्छादन टाकण्यापूर्वीच्या तारखा पाहा. जुन्या चित्रांतली, लागवडीआधीची नांगरलेली जमीन त्याहून बोलकी असते, कारण मुरूम फिकट आणि काळी गडद दिसते.

खड्डा, आणि त्यात काय वाचायचे

प्रत्येक संशयित पट्ट्यात निदान एक खड्डा घ्या. जागा वेलीच्या खोडापासून दोन-अडीच फुटांवर, बोदाच्या कडेला धरा, म्हणजे मुळे दिसतील पण मुख्य मुळे तुटणार नाहीत. लांबी-रुंदी तीन-तीन फूट, खोली तीन फूट किंवा पक्का मुरूम लागेपर्यंत. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी खणला तर ओल कुठवर गेली तेही दिसते. खड्ड्याची उन्हाकडची भिंत खुरप्याने ताजी खरवडून घ्या आणि वरून खाली पाहत या.

*पोत.* मूठभर माती खडे काढून ओली करा, मळा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबून तिची पट्टी पुढे सरकवा. पट्टी अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर माती हलकी, अडीच ते पाचपर्यंत गेली तर मध्यम, पाचच्या पुढे लोंबत राहिली तर भारी चिकण. दर फुटाला ही तपासणी करा. वरचा फूट एक आणि खालचा दुसराच असणे भरावात नेहमीचे.

*खडे.* मुरमाड जमिनीत सगळा हिशेब इथेच चुकतो. माती परीक्षणाला आपण चाळलेली माती पाठवतो, त्यामुळे अहवालात पोयटा लिहून येते आणि शेतात निम्मे खडे असतात. मोजायचे असेल तर त्या थरात ३० × ३० × ३० सेंटीमीटरचा खळगा करा. तो २७ लिटरचा होतो. निघालेला माल २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, वर राहिलेले खडे पाण्याच्या मोजलेल्या बादलीत टाका आणि पाणी किती लिटरने चढले ते बघा. ११ लिटरने चढले तर खडे ४० टक्के, म्हणजे पाणी धरणारी माती उरली ६० टक्के. कुजका, नखाने खरवडणारा मुरूम थोडे पाणी धरतो. कुदळ लागताच खणखण वाजणारा जवळपास काहीच धरत नाही.

*चुना.* भिंतीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. जोरात फसफसले तर चुनखडी आहे. वेलीचा कोवळा शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर तो बहुधा इथला लोहाचा प्रश्न असतो, पाण्याचा नसतो.

*मुळे.* पांढरी मुळी (पाणी ओढणारी कोवळी मुळे) कोणत्या खोलीपर्यंत आहे ते टेपने मोजा. हा आकडा सर्वात महत्त्वाचा. जमीन तीन फूट खोल असली आणि पांढरी मुळी सव्वा फुटातच थांबलेली असेल, तर वेलीपुरती जमीन सव्वा फूटच. मुळे कशामुळे थांबली तेही तिथेच दिसते: नांगराच्या तळाचा घट्ट थर, पाणी साचून निळसर-करडी झालेली माती, किंवा भराव आणि मूळ जमीन यांची सांध.

या सांधेबद्दल थोडे अधिक. काळ्या मातीचा भराव थेट मुरमावर टाकला असेल तर पाणी काळीतून मुरमात सहज उतरत नाही. काळीतली बारीक छिद्रे पाणी घट्ट ओढून धरतात. वरचा थर जवळपास पूर्ण भरेपर्यंत खालच्या मोठ्या पोकळ्यांत थेंब जात नाही. परिणामी फूटभर चिखल आणि त्याखाली कोरडा मुरूम अशी विचित्र अवस्था होते, आणि मुळे त्या फूटभरातच गोल फिरत राहतात. असा पट्टा वरून काळा दिसतो, पण त्याला पाळी मुरमासारखी लागते.

साठवण लिटरमध्ये काढा

समजा लागवड ९ × ५ फूट आहे. एका वेलीच्या वाट्याची जागा ४.१८ चौरस मीटर. फेब्रुवारीत रोजचे बाष्पीभवन ६ मिलिमीटर आणि बाग फुगवण-पक्वतेत आहे असे धरून बाष्पीभवनाच्या ०.४ पट पाणी घेतले, तर वेलीला दिवसाला ४.१८ × ६ × ०.४ = सुमारे १० लिटर लागतात. आता ही वेल उभी आहे ती दोन खड्ड्यांत पाहू.

काळी: पांढरी मुळी ६० सेंटीमीटरपर्यंत, ड्रिपरने ओला होणारा पट्टा ९० सेंटीमीटर रुंद, वेलीमागे लांबी दीड मीटर. घनफळ १.५ × ०.९ × ०.६ = ०.८१ घनमीटर. चिकण काळीत वेलीला घेता येण्याजोगे पाणी घनमीटरला १५० लिटर धरले तर साठवण १२१ लिटर. त्यातले ४० टक्केच वापरू द्यायचे, म्हणजे ४८ लिटर. जवळपास पाच दिवस पुरतात.

मुरूम: मुळी ३५ सेंटीमीटर, ओला पट्टा ६० सेंटीमीटर, कारण हलक्या जमिनीत पाणी बाजूला पसरण्यापेक्षा खाली धावते. घनफळ १.५ × ०.६ × ०.३५ = ०.३१५ घनमीटर. चाळलेली माती घनमीटरला १२० लिटर धरते, पण खडे ४० टक्के, म्हणून ७२ लिटर. साठवण २२.७ लिटर, वापरण्याजोगे ९ लिटर. एक दिवससुद्धा पूर्ण निघत नाही; सकाळी भरलेले पाणी दुपार उलटताना संपते.

मे महिन्यात बाष्पीभवन १० मिलिमीटरवर गेले की गरज १७ लिटरच्या आसपास होते. काळीला तेव्हाही तीन दिवसांची पाळी चालते, मुरमाला अर्धा दिवस. एका व्हॉल्ववर रोजाआड पाणी देणारी बाग ही एका रांजणाला आणि एका तांब्याला एकाच वेळी भरून, दोन दिवसांनी दोन्ही सारखेच भरलेले असतील अशी अपेक्षा करते.

यात एक दुरुस्ती हवी. मुरमातल्या वेलींचा पसारा कायमचा लहान राहिला असेल, तर त्यांची रोजची गरजही खरोखर कमी असते. ऐन दुपारी बारा-साडेबाराला वेलीखाली जमिनीवर पडलेली सावली मोजा. काळीत एकूण जागेच्या ६० टक्के आणि मुरमात ४२ टक्के सावली असेल, तर मुरमाची गरज काळीच्या ७० टक्के. म्हणजे पाळी जास्त वेळा, पण दिवसाचे एकूण माप उलट कमी. हे मनाला पटायला जड जाते, पण सावलीचे माप खोटे बोलत नाही.

आता वेलीला विचारा

जमिनीचा हिशेब अंदाज देतो. तो खरा ठरला का, हे पान सांगते. सर्वात नेमके साधन म्हणजे पानातला पाण्याचा ताण मोजणारा प्रेशर चेंबर. नायट्रोजन सिलिंडर, जाड भिंतीची कुपी आणि गेज असे ते यंत्र असते. एकट्याने विकत घ्यायला महाग पडते. गटाने घेऊन फिरवता येते.

पद्धत अशी. निरभ्र दिवस निवडा. प्रत्येक पट्ट्यातल्या ५-६ सारख्या वेली आधीच खुणा करून ठेवा आणि हंगामभर त्याच वापरा. ओलांड्याजवळचे (तारेवर आडव्या नेलेल्या फांदीजवळचे), सावलीतले, पूर्ण वाढलेले निरोगी पान प्लॅस्टिक पिशवीत घालून वर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि निदान तासभर तसेच वेलीवर राहू द्या. तेवढ्या वेळात पानाचा ताण खोड-काडीच्या ताणाशी जुळतो. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान देठ धारदार ब्लेडने एकाच कापात तोडा, पिशवीसकट अर्ध्या मिनिटात कुपीत बसवा, देठाचे टोक बाहेर ठेवा आणि दाब हळूहळू चढवा. कापलेल्या टोकावर रस चमकला त्या क्षणी गेज वाचा. डोळ्यांवर चष्मा हवाच आणि तोंड थेट देठावर आणू नका.

आकड्यांचा अर्थ: उणे ६ बारपर्यंत ताण नाही; ६ ते ९ हलका; ९ ते ११ मध्यम हलका; ११ ते १४ मध्यम ते तीव्र; १४ च्या पुढे वेल नुकसानीत. या पायऱ्या प्रामुख्याने बोर्दो भागातल्या वाइनच्या द्राक्षांवरील कामातून आल्या आहेत. तिथे सेंट-एमिलियोंमध्ये १९९६ ते २००० या पाच हंगामांत खडेमिश्रित, चिकण आणि भूजल जवळ असलेली वालुकामय अशा तीन जमिनींवर एकाच जातींची तुलना झाली. जमिनीचा फळावरचा परिणाम मोठ्या प्रमाणात वेलीच्या पाण्याच्या अवस्थेतूनच पोचतो, असे त्यात दिसले. दिंडोरीकडची वाइनची बाग मण्यांत पाणी उतरल्यावर (मणी मऊ होऊन पिकू लागल्यावर) १० बारच्या आसपास ठेवणे योग्य असू शकते. खाण्याच्या द्राक्षाला, ज्याला १६-१८ मिलिमीटर मणी हवा, एवढा ताण फुगवणीत परवडत नाही. तिथे ८ च्या आत राहा. एकाच दिवशी दोन पट्ट्यांमधला फरक हा सुट्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण कोरड्या वाऱ्याच्या दिवशी ताणाचे सगळेच आकडे वाढतात.

यंत्र नसेल तर शेंडे मोजा. प्रत्येक पट्ट्यात ५० शेंडे पाहा आणि तीन रकाने करा: चालू शेंडा (टोक उघडे, पुढची कोवळी पाने टोकाच्या मागे), मंदावलेला (पाने टोकाच्या बरोबरीने झाकू लागलेली), थांबलेला (टोक पानांत बुडालेले किंवा वाळलेले). आठवड्याला एकदा, त्याच ओळींत, शेंडा मारण्यापूर्वी. मुरमात ५० पैकी ३० मंदावले आणि काळीत ५ च, एवढ्या नोंदीवरही पाळी बदलता येते. बाळी (वेलीचा तणावा) पिवळी पडून गळणे हीसुद्धा लवकर दिसणारी खूण आहे.

टेन्शिओमीटर (माती पाणी किती ताणाने धरून आहे ते सेंटिबारमध्ये दाखवणारे उपकरण; आकडा मोठा तेवढी जमीन कोरडी) प्रत्येक पट्ट्यात वेगळा हवा. बहुतेक बागांत तो पंपघराजवळच्या, दिसायला चांगल्या वेलीखाली बसवलेला असतो आणि मुरमातली वेल त्याला कधीच दिसत नाही. ड्रिपरपासून एक फुटावर, एक ३० आणि एक ६० सेंटीमीटर खोल लावा. मुरमात दुसरा मुळीच्या तळाशी लावा. काळीत बसवताना त्याच मातीचा पातळ चिखल करून भोकात ओता, नाहीतर भेग पडली की हवा शिरते आणि काटा शून्यावर येतो, आणि आपण जमीन ओली समजून बसतो. फुगवणीच्या काळात ३० सेंटीमीटरवरचा काटा मुरमात १५-२० सेंटिबारला, मध्यम जमिनीत २५-३५ ला आणि काळीत ४०-५० ला गेला की पाणी सुरू करा. ओलाव्याची टक्केवारी दाखवणारे सेन्सर वापरत असाल तर दोन जमिनींचे आकडे एकमेकांशी ताडू नका. २२ टक्के ओलावा हलक्या पोयट्यात भरपूर असतो, काळीत वेल सुकण्याच्या जवळचा.

व्हॉल्व वेगळे करण्याची कामे

पट्टा ओळींच्या दिशेनेच जात असेल तर सबमेनवर (लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या नळीवर) एक जादा व्हॉल्व पुरतो. पट्टा ओळींना आडवा किंवा तिरका असेल, आणि तो तसाच असतो, तर त्या भागापुरती दुसरी लॅटरल टाका. मुरमाच्या कडेने स्वतंत्र सबमेन घ्या, मूळ लॅटरल त्या भागात ड्रिपर बंद करून आंधळी पुढे न्या. खर्च पाइपचा आणि एका व्हॉल्वचा. खत देताना हाच व्हॉल्व दुसऱ्यांदा कामाला येतो.

मुरमात मोठा ड्रिपर लावू नका. ताशी ८ लिटरचा एक ड्रिपर अरुंद, खोल खांब ओला करतो आणि बाकीची मुळी कोरडी राहते. त्याऐवजी वेलीमागे ताशी २ लिटरचे चार ड्रिपर द्या. वरच्या हिशेबात १० लिटर दोन पाळ्यांत द्यायचे, म्हणजे ५-५ लिटर. चार ड्रिपर ताशी ८ लिटर देतात, म्हणून प्रत्येक पाळी ३७-३८ मिनिटांची. पहिली सकाळी आठच्या सुमारास, दुसरी साडेबाराला. काळीत त्याच चार ड्रिपरने चौथ्या दिवशी ४० लिटर, पाच तास. काळीत पाणी ड्रिपरखाली साचून वाहू लागले तर मध्ये दोन तास बंद ठेवून दोन टप्पे करा. विजेच्या वेळापत्रकात दुपारची पाळी बसत नसेल, तर उंचावर टाकी ठेवून मुरमाचा पट्टा तिच्यावर चालवता येतो. पट्टा लहान असल्याने टाकीही लहान लागते.

खताचेही पाळीप्रमाणे तुकडे करा. मुरमात आठवड्याचा डोस एकदम सोडला तर अर्धा खाली जातो.

हंगामात कुठे काय बिघडते

खरड छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत डोळ्यात (काडीवरच्या कळीत) घडनिर्मिती होते आणि पाणी कमी करायचा सल्ला सगळेच पाळतात. इथे दोन जमिनी सर्वात जास्त फसवतात. काळीत आठ दिवस पाणी बंद ठेवले तरी शेंडा थांबत नाही, कारण साठवण संपलेलीच नसते. दाट, काळसर हिरवी वाढ होते, सावलीतले डोळे वांझ राहतात आणि ऑक्टोबरमध्ये घड कमी दिसतात. मुरमात तेच आठ दिवस म्हणजे खालची पाने गळणे आणि काडी कच्ची राहणे. काळीत पाणी लवकर तोडा, टेन्शिओमीटर ६० च्या पुढे जाईपर्यंत धीर धरा, सबकेन (काडी खुडून बगलफुटीपासून पुढची काडी) करून आणि शेंडा मारून वाढ आवरा. मुरमात पाळी तीच ठेवा, प्रत्येक पाळीचे माप एक तृतीयांशावर आणा. पाळी तोडून ताण द्यायला गेलात तर तो हलका राहत नाही, एका दुपारीत तीव्र होतो.

फळ छाटणीच्या (ऑक्टोबरच्या सुमाराच्या) वेळी उलटे चित्र असते. परतीच्या पावसाने काळी तुडुंब असते, मुळीला हवा मिळत नाही, फूट उशिरा आणि मागेपुढे होते, आणि ढगाळ हवेत जोमदार फुटीवर घड जिरतात (वाढण्याऐवजी विरून जातात). काळीच्या पट्ट्यात ओळींमधले तण या काळात उभे राहू द्या, ते ओल ओढते. मुरमातले कापून तिथेच अंथरा. मुरमाचा भाग काही दिवस आधी फुटतो, म्हणून फवारणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) आणि विरळणीचे दिवस पट्ट्यागणिक मोजले पाहिजेत. एकाच दिवशी अख्ख्या प्लॉटला डिपिंग केले तर एका भागात ते लवकर आणि दुसऱ्यात उशिरा होते.

मणी सेट झाल्यापासून पाणी उतरेपर्यंत मुरमात ताण पडला तर मणी लहानच राहतो; नंतर कितीही पाणी दिले तरी ते नुकसान भरून येत नाही. म्हणून मुरमात घडसंख्या आधीच कमी धरा. पाणी उतरल्यावरची चूक वेगळी: सुकलेल्या मुरमाच्या पट्ट्याला घाबरून एकदम चार तास पाणी दिले जाते आणि मणी तडकतात. सालीची ताणायची क्षमता तेव्हा संपलेली असते आणि आत पाणी जोरात शिरते. ताण पडलाच असेल तर तीन-चार दिवसांत छोट्या पाळ्यांनी भरून काढा. काढणीपूर्वी ब्रिक्सचे (रसातल्या साखरेचे) नमुने प्रत्येक पट्ट्याचे वेगळे घ्या. मुरमातला माल बहुधा आधी गोड होतो. सरासरी काढून कटिंग ठरवले तर एक भाग जास्त पिकतो आणि दुसरा आंबट जातो.

पाण्यासारखे दिसणारे पण पाण्याचे नसलेले ताण

दुपारी मलूल झालेली वेल तहानलेलीच असते असे नाही. काळीत साचलेल्या पाण्याने मुळी गुदमरली तरी पान तसेच झुकते. मुळी उकरा: तपकिरी, साल सुटणारी, कुजका वास असलेली असेल आणि टेन्शिओमीटर ५ च्या आत असेल, तर पाणी बंद करा आणि ओळींमध्ये चर काढून निचरा द्या. या वेलीला अजून पाणी देणे ही सर्वात महाग चूक आहे.

चोपण (सोडियमने घट्ट झालेल्या) पट्ट्यात पाणी वर साचते आणि सहा इंचांखाली माती कोरडी राहते. तपासणीत विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे असेल तर जिप्सम लागते. जमीन चुनखडीची असेल तर गंधक, कारण चुना तिथे आधीच पडून आहे, फक्त अडकलेला. क्षारांचा ताण पानांच्या कडा करपण्यातून दिसतो. जमिनीच्या संपृक्त अर्काची ईसी (क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकता) १.५ डेसिसिमेन प्रति मीटरच्या पुढे गेली की द्राक्षाचे उत्पादन घटू लागते, कारण ओल असूनही मुळीला पाणी ओढणे जड जाते. मुरमात छोट्या पाळ्या सुरू केल्या की क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला साचतात. विहिरीचे पाणी खारे असेल तर महिन्या-दीड महिन्यातून एक मोठी पाळी धुण्यासाठी द्या, पण मणी तडकण्याच्या काळात नको.

साठवणच वाढवायची असेल तर

शेणखत-कंपोस्टने जमीन सुधारते, पण पाण्याची साठवण त्यातून थोडीच वाढते. त्यावर भिस्त ठेवून पाळी लांबवू नका. बोदावर तीन-चार इंच बगॅस (उसाचे चिपाड) किंवा पाचटाचे आच्छादन मुरमात लगेच फरक दाखवते, कारण वरच्या सहा इंचांत पांढरी मुळी टिकते. काळीत पावसाळ्यात तेच आच्छादन वापसा लांबवते, म्हणून तिथे ते उन्हाळ्यापुरते.

तलावाचा गाळ मुरमात टाकायचा असेल तर नव्या लागवडीआधी टाका आणि चरातल्या मुरमाशी मिसळून टाका. वर थर देऊन सोडला की वर सांगितलेली सांध तयार होते. खुंटाची (ज्यावर कलम करतात त्या मुळांच्या जातीची) निवडही तेव्हाच करायची असते. डॉगरीज जोमदार आहे; भारी काळीत तो वाढीला आवर घालू देत नाही. ११० आर पाण्याच्या ताणाला जास्त सोसतो, म्हणून मुरमाच्या पट्ट्यात नांगे (मेलेल्या वेलींच्या रिकाम्या जागा) भरताना किंवा पुनर्लागवडीत त्याचा विचार करा. त्यासाठी खड्ड्यांचा आणि खोडाच्या घेरांचा तो कागद लागेल. बाग काढण्यापूर्वी त्यावर पट्ट्यांच्या कडा ओळ आणि वेलीच्या क्रमांकाने लिहून ठेवा. जुने खांब आणि वेली एकदा निघाल्या की मुरूम नेमका कुठे सुरू होतो हे शोधायला पुन्हा सगळे खड्डे घ्यावे लागतात.